कसिनोचा डोंगर आणि चौतिसाव्या डिव्हिजनचा हिशेब

दगडवाट :
परवा ‘वाघनख’ यांनी लिहिले की, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या चौतिसाव्या पायदळ डिव्हिजनने इटलीतल्या मोंते कसिनो या जर्मनांनी अडवलेल्या, माथ्यावर मठ असलेल्या डोंगराखाली तीन आठवडे नुसती माणसे घालवली आणि अखेर आपल्या चौथ्या हिंदी डिव्हिजनला त्यांचा ‘उष्टा डोंगर’ चढावा लागला. हा शब्द दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

२४ जानेवारी १९४४ च्या रात्री ही डिव्हिजन कसिनो गावाच्या उत्तरेला रॅपिडो नदी ओलांडू लागली. जर्मनांनी पाणी वळवून सगळ्या खोऱ्याचा राडा करून ठेवला होता. रणगाडे तिथेच रुतले आणि पायदळाला सुरुंगांतून एकट्यानेच पुढे जावे लागले. जेमतेम चार दिवसांपूर्वी त्याच नदीच्या खालच्या अंगाला छत्तिसाव्या डिव्हिजनची मृत, जखमी व बेपत्ता धरून १,६८१ माणसे दोन दिवसांत खर्ची पडली होती, हे ठाऊक असतानाही हे लोक गेले, कैरा गाव घेतले आणि फेब्रुवारीत कड्याकड्याने सरकत मठापासून काहीशे मीटरपर्यंत पोचले. त्या खडकात कुदळ चालत नाही. त्यामुळे दगडावर दगड रचून गुडघाभर उंचीचा आडोसा करायचा आणि उजेड असेपर्यंत त्यामागे अंग चोरून पडून राहायचे. त्या आडोशाला ‘संगर’ म्हणतात. हा शब्द हिंदी फौजेच्या वायव्य सरहद्दीवरचा, आणि मराठीत संगर म्हणजे युद्ध, हा योगायोग मला फार आवडतो. फेब्रुवारीच्या मध्यावर चौथ्या हिंदी डिव्हिजनचे लोक जागा घ्यायला वर गेले, तेव्हा थंडीने आखडलेल्या कित्येक अमेरिकनांना उठताही येईना. त्यांना स्ट्रेचरवरून खाली न्यावे लागले. डिव्हिजनचे सुमारे २,२०० जण कामी आले किंवा जायबंदी झाले. याला उष्टे म्हणायचे?

वाघनख :
वर्णन सुरेख आहे, परंतु मूळ मुद्द्याला आपण हुशारीने बगल दिली आहे. मठाजवळची ५९३ क्रमांकाची टेकडी अमेरिकनांच्या ताब्यात आहे, असे चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या येणाऱ्या सातव्या ब्रिगेडला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती जर्मनांकडे होती. १५ फेब्रुवारीला मठावर दोस्तांच्या विमानांचे बाँब पडले आणि त्या रात्री त्या टेकडीवर एकच कंपनी पाठवावी लागली; तीन अधिकारी व ६३ शिपाई गेले, त्यांतले दोन अधिकारी व ३२ शिपाई मारले गेले किंवा जखमी झाले. न जिंकलेली जागा जिंकली म्हणून ज्यांनी सुपूर्द केली, त्यांचे पोवाडे आम्ही का गावेत?

माझे आजोबा मराठा पलटणीत होते. एप्रिल १९४५ मध्ये ते इटलीतल्या सेनियो नदीवर होते. अमेरिकनांविषयी विचारले की ते एवढेच म्हणत, “त्यांच्याकडे बूट होते, आमच्याकडे पाय.”

दगडवाट :
हिंदी डिव्हिजनमधली असली, तरी ती कंपनी रॉयल ससेक्स पलटणीची होती, म्हणजे इंग्रज. ‘आपल्या’ हा शब्द जरा जपून वापरावा. आजोबांबद्दल आदर आहे, पण चौतिसाव्या डिव्हिजनमधले किती शिपाई त्या हिवाळ्यात ओल्या बुटांत पाय सडून निकामी झाले, हेही कोणीतरी त्यांना सांगायला हवे होते.

वाघनख :
आजोबा आता हयात नाहीत. आपल्या उपरोधाची पोच त्यांच्या वतीने मीच देतो.

ताम्रपट :
दोघांचेही चुकते आहे. या डिव्हिजनला नावे ठेवण्याची चाल इंग्रजांनी पाडली आणि आपण तीच री ओढतो. ट्युनिशियात ८ एप्रिल १९४३ रोजी फोंदूकच्या खिंडीवर हल्ला झाला, तेव्हा डावीकडच्या जेबेल ऱ्होराबवरून बाजूने मारा होईल, अशी धास्ती डिव्हिजनचे जनरल रायडर यांना होती. वरिष्ठ ब्रिटिश जनरल क्रॉकर यांच्या मते तिथे फारसा शत्रू नव्हता. मारा व्हायचा तो झालाच, आणि खापर मात्र चौतिसाव्या डिव्हिजनवर फुटले; तिला मागे नेऊन पुन्हा शिकवावे, असेही क्रॉकर यांनी सुचवले. अमेरिकन जनरल ब्रॅडली यांनी ते ऐकले नाही, उलट तिला ६०९ क्रमांकाची टेकडी दिली, आणि एप्रिलअखेर तिने ती घेतली. माझ्या नोकरीत एका साहेबाने स्वतःच्या चुकीचा अहवाल माझ्या नावावर लिहिला होता, त्यामुळे हे प्रकरण वाचताना माझा तोल जातो, हे मान्य करतो.

कृष्णाकाठ :
आपल्या साहेबांचा राग जनरल क्रॉकर यांच्यावर काढू नये. फोंदूकच्या आधी काय घडले, ते कोणीच बोलत नाही. या डिव्हिजनची १६८ वी रेजिमेंट अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या नैऋत्य भागातल्या नॅशनल गार्डची, म्हणजे स्थानिक राखीव दलाची, म्हणजे एकेका गावातली पोरे एकेका कंपनीत. फेब्रुवारी १९४३ मध्ये ट्युनिशियातल्या सिदी बू झीदला रणगाड्यांच्या लढाईत ती टेकड्यांवर अडकली आणि शेकडोंनी कैद झाली. मार्चमध्ये आयोवातल्या रेड ओक नावाच्या लहानशा गावात एकाच संध्याकाळी दोन डझनांहून अधिक तारा आल्या : आपला मुलगा बेपत्ता आहे. आमच्या आळीत कोणाकडे तार आली म्हटले की आजी मजकूर न ऐकताच चुलीतली लाकडे मागे ओढत असे. एका गावात इतक्या चुली एकदम विझणे मला डोळ्यांपुढे आणवत नाही. गाववार भरतीचा हा दोष आहे, सेनापतींचा नंतर.

वाघनख :
गाववार भरतीला दोष देऊ नका. साताऱ्याकडच्या पलटणी त्याच बळावर उभ्या राहिल्या. शेजारचा पोरगा बघतो आहे म्हणून माणूस पळत नाही.

कृष्णाकाठ :
आणि शेजारचा पोरगा मेला, की त्याच्या आईला तोंड कसे दाखवायचे, म्हणून तो रजेवर घरी येत नाही. माझे चुलते १९७१ नंतर दोन वर्षे गावात आले नाहीत. तुमचे बळ तुम्हाला लखलाभ.

ताम्रपट :
याच डिव्हिजनमधल्या शंभराव्या बटालियनकडे बघा. हवाईची जपानी वंशाची पोरे. सप्टेंबर १९४३ मध्ये १,३०० च्या आसपास इटलीत उतरली आणि कसिनोनंतर निम्मीही धड उरली नाहीत. तीही गाववारच. पळाले का कोणी?

कृष्णाकाठ :
पळाले असे मी म्हटलेच नाही. मी तारांविषयी बोलत होते. वाचून उत्तर द्यावे.

वाघनख :
बाईंशी वाद वाढवण्याची इच्छा नाही. दगडवाट यांच्यासाठी : ‘उष्टा’ हा शब्द मागे घेतो. त्याऐवजी ‘अर्धवट’ म्हणतो, आणि एवढ्या थंडीत एवढेसुद्धा आमच्याकडून झाले नसते, हेही वाटल्यास आपल्या समाधानासाठी जोडून घ्या.

दगडवाट :
जोडून घेतले. ५९३ पुरते ‘अर्धवट’ मलाही मान्य आहे. चुकीची माहिती देऊन जागा सोपवणे हा गुन्हाच होता. नदी, कैरा आणि मधले कडे मात्र पूर्ण हिशेबात धरावेत.