पाणथळ कशाला म्हणायचं आणि ५० मीटर कुठून मोजायचे?

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या उपनगराच्या मागं तीन एकरांचा खोलगट तुकडा होता. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. पावसाळ्यात चारी बाजूंचं पाणी तिथं उतरायचं, संक्रांतीपर्यंत लव्हाळ्यात ओल टिकायची, लांब लाल पायांचे शेकाटे पक्षी त्यात उभे असायचे. मग मुरमाचे डंपर आले आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट पडले. आता तेच पाणी जुलैत आमच्या गल्लीत गुडघ्याएवढं चढतं आणि उतरायला आठवडा घेतं.

हा तुकडा पाणथळ म्हणून कुणी धरलाच नव्हता. इस्रोच्या २०११ च्या पाणथळींच्या नकाशात २.२५ हेक्टरांवरच्या जागांची हद्द आखली आहे, त्याहून लहान म्हणजे नुसता ठिपका. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण दिलं, तेही या मोठ्यांनाच.

त्याच वर्षीच्या केंद्राच्या पाणथळ नियमांप्रमाणे पाणथळीपासून ५० मीटरांत पक्कं बांधकाम चालत नाही. हे ५० मीटर मोजायचे ते नियम लागू होण्याआधीच्या १० वर्षांतल्या सरासरी उच्चतम पूरपातळीपासून. नियम आले सप्टेंबर २०१७ ला. २००५ चा पूर त्या दहा वर्षांच्या आधीचा, २०१९ आणि २०२१ चे नंतरचे. या शतकात सांगली बुडवणारे हे तिन्ही मोठे पूर हिशेबाबाहेर! लहान जागा यादीत घ्या आणि रेषा या पुरांवरून आखा, एवढंच माझं म्हणणं आहे.

ऊसमळा (वाळवा)
ताई, तुमची अडचण खरी आहे. पण पाणथळ शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्याकडं पाणथळ म्हणजे वाया गेलेलं रान. वर्षानुवर्षं पाटाचं पाणी ऊसाला दिलं, निचरा झाला नाही, माझी दोन एकर क्षारपड झाली. उन्हाळ्यात मातीवर मिठासारखा पांढरा थर येतो, पायाखाली कुरकुरतो. कर्ज काढून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, तेव्हा कुठं पुन्हा ऊस उभा राहिला. तिथंही लव्हाळा होता, बगळे होते. वरून फोटो काढणाऱ्याला तुमचा खोलगट आणि माझं रान सारखंच दिसणार. माझं रान एकदा यादीत गेलं की निचऱ्याचा पाइप टाकणंही गुन्हा ठरेल.

कृष्णाकाठ
दादा, म्हणूनच वर्गवारी जमिनीवर येऊन व्हावी. तुमचं रान पाटाच्या पाण्यानं बिघडलं, आमचा तुकडा उतारानं मुळातच खोलगट. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला हा फरक विचारा. आणि ५० मीटरांची बंदी पक्क्या बांधकामाला आहे, पिकाला नाही.

ऊसमळा
गोठा पक्काच बांधावा लागतो. मोटारीची खोलीही. वीस गुंठेवाल्यानं ती कुठं बांधायची? त्याला भरपाई कोण देणार, ते नियमात कुठं आहे?

माणदेशी (खटाव)
दोघेही नदीकाठचे, म्हणून पुरावरून बोलताय. आमच्या मायणी तलावावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, तरी या नियमांत तो पाणथळ ठरत नाही, कारण सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले आहेत. त्याला आधार मिळाला तो पक्षी संवर्धन राखीव म्हणून, वन्यजीव कायद्यातून. दुष्काळी भागात उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं आणि पाखरं पसरतात ती त्या उघड्या, उथळ चिखलात. तिथंच लोक गाळपेर करतात, म्हणजे ओसरलेल्या गाळात पीक घेतात. हा सगळा भाग पाण्याच्या कमाल रेषेच्या आतला. बाहेरच्या ५० मीटरांनी त्या चिखलाचं काय राखलं जातं? अंतराचा हट्ट सोडा, पाणी कुठून येतं ती वाट राखा.

प्लॉटधारक (सांगली)
मी असाच एक गुंठा घेतलेला माणूस. हिशेब मांडतो. तीन एकरांचं गोल तळं धरलं, तर भोवतीच्या ५० मीटरांच्या पट्ट्यात पावणेसात एकर अडकतात. तळ्याच्या दुपटीहून जास्त! तिथं हमालाचं, शिलाई करणाऱ्या बाईचं घर आहे. ज्यानं प्लॉट पाडून विकले तो मोकळा, आम्ही मात्र अतिक्रमणवाले.

कृष्णाकाठ
तुमचा हिशेब मला मान्य आहे. मी तो मांडला नव्हता, मांडायला हवा होता. लहान जागेला सगळीकडून ५० मीटर नको. पाणी येतं ती बाजू आणि जातं ती बाजू रुंद सोडावी, बाकीकडं पट्टा कमी चालेल. उभ्या घरांना हात लावू नये. पण भराव टाकून नवे प्लॉट पाडणं आजपासून बंद झालंच पाहिजे, यावर मी हटणार नाही. आमच्या तुकड्याला दोन मोऱ्या होत्या. त्यातली एक आता कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीखाली गाडली गेली आहे.

ऊसमळा
ती मोरी आधी उकरा, ताई. यादी लागेपर्यंत अजून दोन पावसाळे जातील.