चीक निघतो, पानाच्या टोकाला खाच आहे. हे फळझाड कशाचं?

यावलची_सूनबाई

नमस्कार. आम्ही यावल तालुक्यातले, घरची केळी. केळीच्या पट्ट्यात राहून घरात खायला दुसरं फळ नाही ही माझी कायमची तक्रार. म्हणून मागच्या पावसाळ्याच्या तोंडी एका रोपवाटिकेतून चिकू, फणस, रामफळ आणि दोन लिंबं आणली. पिशव्यांना बांधलेल्या कागदी चिठ्ठ्या छोट्या टेम्पोत भिजून पार लगदा झाल्या. लिंबं वासावरून कळली, रामफळही कळलं. उरलेल्या दोनांपैकी एक तेव्हाच सडून गेलं. दुसरं या मे महिन्यात वरून पूर्ण वाळलं होतं, तरी मी पाणी तोडलं नाही. मृगाचा पाऊस पडल्यावर ते बुडाकडून फुटलं आणि आता गुडघ्याला लागतंय.

पान माझ्या मधल्या बोटाएवढं. देठाकडे निमुळतं, पुढे रुंद होत गेलेलं, आणि टोकाला मधोमध बारीकशी खाच, जणू कोणी नखाने चिमटा काढलाय. वरून गडद हिरवं, चकचकीत, हाताला जाड, खालून फिकट. पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, बोटं चिकट होतात. वास काही नाही.

सासूबाई म्हणतात मोह, आमचे हे म्हणतात फणस, मला वाटतं चिकू. घरात रोज यावरून चर्चा. फणस असेल तर भिंतीपासून लांब न्यावा लागेल, मोह असेल तर शेतातच लावू. पाऊस आहे तोवर जागा बदलून घ्यायची आहे, म्हणून विचारते. जाणकारांनी सांगा.

अक्राणीकर

ताई, मोह नाही. सासूबाईंचंही बरोबर आहे, चीक बघितला की आमच्याकडचा माणूसही आधी मोहच म्हणेल. पण मोहाचं पान मोठं, तळहात झाकणारं, आणि ती पानं फांदीच्या शेंड्याला झुबक्याने येतात. मधल्या शिरेपासून निघणाऱ्या आडव्या शिरा इतक्या ठळक की मोजता येतात. टोकाला खाच नसते. नवी पालवी येते ती तांबूस, कोवळं तांबं असावं तशी. तुम्ही पालवीचा रंग लिहिला नाही, तो बघा.

आणखी एक. टोळंबीपासून, म्हणजे मोहाच्या बीपासून, उगवलेला मोह लहानपणीच सोटमूळ खोल घालतो. उपटून दुसरीकडे लावलेला सहसा धरत नाही. म्हणून खरंच मोह लावायचा झाला तर बी थेट जागेवर टाका. धडगावकडे ज्यांच्या बांधावर मोह आहे त्यांना त्याची किंमत विचारा, फुलं वेचायच्या दिवसांत सगळं घर झाडाखाली असतं.

भुसावळ_गच्चीबाग

फणसही वाटत नाही. फणसाच्या कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बुडाशी फांदीला वेढणारी गोल रेघ असते, कोंब झाकणारं आवरण गळून पडल्याची खूण. ती रेघ दिसली तर फणस, नाही तर नाही. शिवाय फणसाच्या लहान रोपाची काही पानं कडेने कातरलेली निघतात. हल्ली रोपवाटिकांत स्टार ॲपलही येतं, त्यालाही चीक असतो, पण त्याचं पान उलटं केलं की खालून सोनेरी तपकिरी मखमल दिसते. तुम्ही खालून फिकट हिरवं म्हणताय, म्हणजे तेही बाद.

कलमवाला_आबा

ताई, पानावरून माझा अंदाज झाला आहे, पण आधी एक बघून सांगा. खोडाच्या बुडाची माती हाताने बाजूला करा. खोडावर कुठे गाठ किंवा तिरपी जोडखूण आहे का? आणि फुटवे तिच्या वरून आलेत की खालून? सगळं यावरच आहे.

यावलची_सूनबाई

आबा, आत्ताच पाहिलं. जमिनीपासून अर्धी वीत वर खोड एका अंगाने फुगलंय, तिथे तिरपी खूण आहे. प्लास्टिकची पट्टी अजून तशीच, सालीत रुतलेली. तिच्या वरचं लाकूड नखाने खरवडलं तर आत तपकिरी, कोरडं ठणठणीत. खाली खरवडलं तर हिरवं, ओलं, लगेच चीक आला. तीन फुटवे आहेत, तिन्ही गाठीच्या खालून. पालवी तांबूस नाही, पोपटी आहे. फांदीवर गोल रेघ नाही.

कलमवाला_आबा

मग ती खिरणी आहे.

तुम्हाला दिलेलं चिकूचंच कलम होतं. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर, म्हणजे तिच्या मुळासकट रोपावर, बांधतात, भेट कलम करा नाहीतर शेंड्याचं मृदकाष्ठ कलम करा, खाली खुंट खिरणीचा. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, खिरणी आपल्या मातीतली. तिचं मूळ चिवट, कोरड्यात तग धरणारं, आणि दोघं एकाच कुळातले म्हणून जोड बसते. मोहही त्याच कुळातला. सासूबाईंना चिकावरून मोह आठवला तो उगाच नाही. तुमच्याकडे मे महिन्यात वरचा चिकू उन्हाने गेला, खालचा खुंट जगला आणि त्यानेच धुमारे काढले. चिकूचं पान दोन्हीकडे निमुळतं, टोकाला बहुतेक टोकदार. खिरणीचं पुढे रुंद आणि टोकाला खाच. चोपड्याकडे माझं सगळं आयुष्य कलमं बांधण्यात गेलं, हात लावला की अंधारातही या दोन पानांतला फरक कळतो.

हे धुमारे वाढवून चिकू लागेल अशी वाट बघू नका. लागली तर खिरणीच लागेल. पुष्कळ ठिकाणी हेच होतं: कलम जिवंत असतानाच खालून खिरणी फुटते, माणसाला वाटतं झाड जोमात आहे, आणि खिरणी वरच्या चिकूचं अन्न ओढून त्याला मारते. म्हणून जोडाखालचा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच काढायचा असतो. विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. पट्टी वेळेवर सोडवायची, हेही.

आता माझं ऐका. हे झाड उपटून टाकू नका. ती पट्टी ब्लेडने उभी चिरून आजच काढा. तीनपैकी सरळ, जोमदार असा एक फुटवा ठेवा, बाकीचे दोन खोडाला लागून कापा. वरचं वाळलेलं लाकूड त्या फुटव्याच्या वर तिरपं छाटा. त्याच फुटव्यावर पुन्हा चिकूचं कलम बांधता येतं, जवळ बांधणारा माणूस असेल तर करून घ्या; आपल्या उन्हाळ्यात मात्र त्या वाटेला जाऊ नका, कोरड्या हवेत काडी जोड धरायच्या आत सुकते.

पण मला विचाराल तर ती खिरणी म्हणूनच वाढू द्या. शेताच्या बांधावर लावा, परसात नको, कारण ती मोठा वृक्ष होते, बारमाही हिरवी, दाट सावलीची. फार सावकाश वाढते. फळाला दहा वर्षंही लागतील. उन्हाळ्यात कडुनिंबाच्या लिंबोळीपेक्षा मोठी, पिवळी, गोड फळं येतात. पूर्ण पिकल्याशिवाय खाल्ली तर ओठ चिकटतात. मांडूची खिरणी प्रसिद्ध आहे, पण लहानपणी आमच्याकडेही बाजाराच्या दिवशी टोपल्याने यायची. आता चोपड्याच्या बाजारात मला ती दिसत नाही. बांधावरची जुनी झाडं लाकडासाठी गेली, नवीन कोणी लावत नाही, आणि रोपवाटिकेत ती जन्माला येते ती शेंडा कापून घ्यायलाच. याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्याकडे एक वाचली आहे, तिला जागा द्या.

यावलची_सूनबाई

आबा, पट्टी काढली. सालीला वळ पडलाय, पण तुटली नाही. खिरणी बांधावर विहिरीकडच्या कोपऱ्यात लावायची ठरलं. पण परसात चिकू हवाच आहे मला. आणताना काय बघू?

कलमवाला_आबा

कालीपत्ती जातीचं कलम घ्या. जोड बोटाने चाचपा, भरलेली आणि घट्ट असावी. जोडाखाली एकही पान नको. जोडाच्या वरचं पान हातात धरून टोक बघा, खाच दिसली तर ते रोप परत ठेवा. लावताना जोड जमिनीच्या वर वीतभर राहू द्या, मातीत गाडली की खुंट फुटला तरी कळत नाही. खाली चुनखड लागत असेल ती जागा सोडा, काळ्या मातीत पाणी तुंबत असेल तर उंचवट्यावर लावा. पहिले दोन-तीन उन्हाळे पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा करा आणि बुडाशी केळीच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन द्या, ते तुमच्याकडे फुकट आहे. मोठ्या झाडाचाही फुलोरा ४३ अंशांच्या पुढे करपतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वरही जातो. तेव्हा घराच्या पूर्वेला लावा, दुपारनंतर भिंतीची सावली मिळेल. भिंतीपासून मात्र चांगलं अंतर ठेवा, चिकूचा घेर मोठा होतो.