गाडीचा लांबचा प्रवास आणि मागच्या सीटवरचं पिल्लू: तुमच्याकडे काय चाललं, काय फसलं?

यंदा गणपतीला ठाण्याहून कुडाळला गाडीने जायचं ठरलंय. कोकण रेल्वेचं आरक्षण नेहमीप्रमाणे उघडता उघडता संपलं. नवरा गाडी चालवणार, सासूबाई पुढे, मागे मी आणि आमचे चिरंजीव, वय वर्षे दोन. घरी जेवतानाही एका जागी बसत नाहीत. साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, त्यात माणगाव-इंदापूरचा गणपतीतला ट्रॅफिक, म्हणजे किती तास लागतील ते बाप्पालाच ठाऊक.

'खेळणी न्या, खाऊ न्या' एवढं कळतं हो. तुमच्याकडे खरोखर चाललेलं किंवा साफ फसलेलं काय ते सांगा. आणि एक ते चार वर्षांच्या मुलांबद्दलच लिहा. भेंड्या आणि नाव-गाव-फळ-फूल यांना अजून अवकाश आहे.

*

आमचं सासर खेडकडे, त्यामुळे हा रस्ता पाठ आहे. पहाटे तीनच्या सुमाराला निघायचं. लेकीला रात्रीच प्रवासाचे कपडे घालून झोपवते आणि झोपेतच उचलून सीटमध्ये बसवते. रस्ता मोकळा मिळाला तर महाडपर्यंत ती उठत नाही. अट एकच, चालवणाऱ्याची झोप आदल्या रात्री पुरी झालेली हवी. ती होणार नसेल तर हा बेत विसरा, सकाळी निवांत निघा.

गणपतीच्या आधी निघत असाल तर आयतीच करमणूक असते. पेणच्या आसपास कागदात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या मूर्तींचे टेम्पो दिसायला लागतात. आमच्या लेकीला नुसता मुकुट दिसला तरी 'बाप्पा!' अशी आरोळी, आणि प्रत्येक बाप्पाला हात जोडायचेच. ट्रॅफिकमध्ये असा टेम्पो शेजारी अडकला की आम्हाला बरंच वाटतं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तिथली वळणंही टळली आहेत.

*

मी आजी आहे, नातवंडांसोबत पुणे-नागपूर बरेचदा करते. दुकानातली खेळणी गाडीत फार टिकत नाहीत. बटण दाबलं, वाजलं, संपलं. वर तेच गाणं वाजून वाजून चालवणाऱ्याचं डोकं उठतं ते वेगळंच.

माझ्या पिशवीत असतात कपड्यांचे चिमटे, जुन्या साडीचा तुकडा, कागदी चिकटपट्टी आणि ह्यांचा मोठा चौकडीचा रुमाल. चिकटपट्टीचे तुकडे खिडकीच्या काचेवर लावून द्यायचे, ते नखाने सोलण्यात दीड वर्षाचं मूल चांगलं रमतं. सोललेला तुकडा तोंडात जात नाही ना, एवढं बघायचं. चिमटे साडीच्या काठाला लावायचे आणि काढायचे.

रुमालाचा मात्र उंदीर. तिरका दुमडायचा, दोन्ही टोकं आत घ्यायची, गुंडाळी करायची आणि ती उलटीपालटी करत राहायची, की शेवटी दोन टोकं बाहेर येतात. एकाची शेपटी, दुसऱ्याला गाठ मारून कान. तो तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने कुरवाळायचा आणि खालच्या बोटांनी हळूच ढकलायचा. टुणकन उडी मारून कोपरापर्यंत पळतो. नातू खदखदतो आणि मग 'आजी, पुन्हा' सुरू. माझी बोटं दुखायला लागतात, पण त्याचं पोट भरत नाही.

जड किंवा टणक वस्तू हातात देऊ नका. जोरात ब्रेक लागला की ती कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही.

*

सीटबद्दल आधी बोलू या का? मूल मांडीवर असेल तर ते रमवायला सोपं, हे खरं. पण अपघातात मांडीवरचं मूल हातांनी धरून ठेवता येत नाही, कितीही घट्ट धरा. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ बी कलम आलं, त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे.

आमच्या आईचं पहिलं वाक्य: 'अगं बाई, लेकराला चोरासारखं बांधून काय ठेवलंय!' आम्ही सीट आधी हॉलमध्ये आणून ठेवली. पोरगा तिच्यात बसून पोळीचा तुकडा खायचा, गोष्ट ऐकायचा, टेडीला पट्टा लावायचा. गाडीत बसवलं तेव्हा ती 'त्याची खुर्ची' झालेली होती. आईही आता गाडी सुरू व्हायच्या आत विचारते, 'पट्टा लावला का रे त्याचा?'

*

घाट असेल तर करमणूक राहू दे बाजूला, उलटीचं बघा. आम्ही कोल्हापूरचे, रत्नागिरीला जाताना आंबा घाट लागतो. दोन वर्षांच्या आतल्या पोरांना सहसा गाडी लागत नाही. त्यानंतर मात्र धाकटीचा रंग घाट सुरू झाला की उडतोच. कानाच्या आतल्या भागाला हलतंय असं कळतं आणि डोळ्यांना समोरचं पुस्तक स्थिर दिसतं, मेंदूचा तिथं गोंधळ उडतो. म्हणून घाटात पुस्तक नाही, मोबाइल नाही. लांबचा डोंगर दाखवायचा, काच थोडी खाली करायची.

निघताना पोटभर दूध पाजू नका. चुरमुरे किंवा खाकऱ्याचा तुकडा चालतो. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चालत्या गाडीत नकोतच, घशात अडकतात. उलटीचं औषध डॉक्टरांना विचारल्याबिगर देऊ नये. आणि कपड्यांचा एक जोड, टॉवेल, जाड पिशव्या पायाशी ठेवा. डिकीत ठेवलात तर ऐन वळणावर काढणार कशा?

*

आम्ही सरळ मोबाइल देतो. लिहून टाकलं, आता बोला.

नागपूर-मुंबई समृद्धीने येतो. ७०१ किलोमीटर, गाडी एका लयीत पळत असते, बाहेर मैलोनमैल तेच. मोठ्यांना डुलकी येते तिथे अडीच वर्षांच्या पोराने काय करावं? थांबायच्या जागा लांब लांब आहेत आणि १२०च्या रस्त्यावर कडेला गाडी उभी करून पाय मोकळे करायचा विचारही करू नये. वन्यप्राण्यांसाठी बांधलेले पूल आले की 'हा पूल हरणांचा' एवढं होतं, आणि इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आला की पोरगं तोंड उघडं ठेवून दिवे बघतं. मधल्या तासांचं काय?

*

वरच्यांशी अर्धी सहमत. मोबाइल शेवटचा पत्ता म्हणून ठेवावा, कारण एकदा हातातून काढला की जो तमाशा होतो तो न दिल्यापेक्षा वाईट. आम्ही ऐकायचं देतो. आजोबांनी चिऊ-काऊची गोष्ट स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिली आहे. त्यात चिऊचं दार ठोठावायला कावळ्याच्या जागी आमच्या मुलीचं नाव घेतलंय. दर वेळी ती दचकते, आणि 'थांब माझ्या बाळाला तीट लावू दे' आलं की स्वतःच्या गालाला बोट लावते. आधी फोनमध्ये उतरवून घ्या, घाटात रेंज जाते.

*

सिडनीहून लिहितेय. इथे सात वर्षांखालच्या मुलांना त्यांच्या मापाची सीट कायद्यानेच लागते. रडलं म्हणून कडेवर घेणं नाही, म्हणजे थांबण्यावाचून गत्यंतर नाही. मेलबर्नला ह्यूम हायवेने जाताना आम्ही आधीच ठरवून थांबतो. गोलबर्नला रस्त्यालगत काँक्रीटचा सुमारे १५ मीटर उंच मेरिनो मेंढा उभा आहे. १९८५ साली बांधला. गाव बाहेर टाकून नवा हायवे गेला, तेव्हा गिऱ्हाईक तुटलं, म्हणून २००७ मध्ये अख्खा मेंढा उचलून हायवेजवळ आणला! आमच्या लेकाला निघताना सांगायचं, 'मेंढोबा भेटणार.' तिथे पोहोचेपर्यंत दर वळणावर 'मेंढोबा आला?'

थांबल्यावर मात्र त्याला पळू द्यायचं. आपण चहाच्या रांगेत आणि मूल कडेवर, असं थांबणं मी धरतच नाही. एक जण चहा आणतो, दुसऱ्याने पोरामागे धावायचं.

*

पॉटीचं कुणी लिहिलं नाही. नुकतंच लंगोट सुटलेलं मूल असेल तर घरची प्लॅस्टिकची पॉटी गाडीत न्या, आत एक डायपर उघडून अंथरा, काम झालं की गुंडाळून पिशवीत. महामार्गावरची स्वच्छतागृहं आणि दोन वर्षांचं मूल, या विषयावर मी याहून जास्त लिहीत नाही.

*

परतीचंही बघून ठेवा. जाताना सगळे हौसेत असतात, येताना चिमटे, उंदीर, गोष्ट सगळं जुनं झालेलं असतं आणि मोठेही दमलेले. आम्ही एक पिशवी गावी पोहोचल्यावर कपाटात वर ठेवून देतो, परत निघेपर्यंत उघडत नाही. फार काही नसतं, एक नवं चित्रांचं पुस्तक, रंगीत दोरा आणि ओवायला मोठ्या भोकांची बटणं (तीन वर्षांवरच्यांना, धाकट्यांना नाही). कुडाळहून निघताना सासूबाईंना मागे बसवा आणि तुम्ही पुढे बसा. निदान पहिल्या चहाच्या टपरीपर्यंत तरी!