मदत हवी आहे: आईच्या माहेरच्या जमिनीवर प्लॉटिंग सुरू झालंय, सातबाऱ्यावर आईचं नावच नाही

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

आईचं माहेर दापोली तालुक्यात. तिथे आजोबांची वडिलोपार्जित 1 हेक्टर 34 आर जमीन, बरीचशी वरकस (हलकी, डोंगरउताराची), थोडे काजू आणि 11 हापूसची कलमं. आजोबा 1991 ला गेले, मागे दोन मामा आणि आई धरून तिघी बहिणी. सातबाऱ्यावर मोठ्या मामाचं नाव लागलं, पुढे ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) असं लिहून, बहिणींनी कधी काही विचारलं नाही, दर मे महिन्यात आंब्याची पेटी घरी यायची आणि विषय तिथेच राहायचा. मोठा मामा 2019 ला गेला, मग मामेभावांनी वारस नोंद केली ती फक्त स्वतःची, आणि ए.कु.मॅ. चा शेराही गेला.

आता गणपतीला गेलो तर जमिनीत चुन्याची फक्की मारून रस्ते आखलेले, आजोबांनी स्वतः जांभा रचून घातलेला गडगा जेसीबीने दोन जागी फोडलेला, आणि बाहेर बोर्ड, बंगलो प्लॉट 3 गुंठ्यांपासून. बोर्डावर महारेराचा (प्लॉट-बांधकाम प्रकल्पांवरच्या सरकारी नियामकाचा) नंबर कुठेच नाही. आई फुटलेल्या गडग्याचा एक दगड उचलून परत जागेवर ठेवायला बघत होती, मला ते बघवेना.

मामेभाऊ म्हणतो, आत्या सातबाऱ्यावर तुझं नाव कुठंय, तरी पण आम्ही 2 लाख देतोय, हक्कसोड पत्रावर सही कर. हक्कच नाही तर सोडायचा काय, हे मी विचारलं तर फोन ठेवला. धाकट्या मामाने सही दिलीय, मावश्या आईकडे बघून थांबल्यात.

मी एवढं वाचलंय की हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलाइतकाच हिस्सा आहे आणि वडील आधी वारले असले तरी तो मिळतो असं सुप्रीम कोर्टाने 2020 ला सांगितलंय. इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा उतारा) काढला तर डेव्हलपरशी विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र दोन्ही रजिस्टर झालेलं दिसतंय. जमीन गावठाणापासून 200 मीटरच्या आत आहे, त्यामुळे एनएचं (बिगरशेती करण्याचं) काम पटकन होईल अशी धास्ती वाटते.

आता नक्की आधी काय करायचं? फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे विलंब माफीसह अपील, की सरळ दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा आणि मनाई हुकूम? दाव्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे केली की प्लॉट घेणाऱ्यांना सर्चमध्ये दिसते म्हणतात, ते कोणी केलंय का? तहसीलला आणि महारेराला आत्ताच लेखी हरकत दिली तर चालेल का, की वकिलामार्फतच द्यावी? दापोली-खेडकडच्या कोणाला असा अनुभव असेल तर जरूर सांगा.

आई 71 वर्षांची आहे. तिला पैसे नकोत, वाटप होऊन कलमांखालचा तुकडा तिच्या नावावर हवाय. 1991 चा फेरफार आणि जुने सातबारे माझ्याकडे आहेत, लागले तर नावं झाकून टाकते.