वार्षिक आरोग्य तपासणीने पैसे वाचतात हे दाखवायचंय, मदत हवी (तातडीने!)

फाईलबंद
सोमवारी अकराला नोट द्यायची आहे. ऑफिसातल्या सगळ्यांची दरवर्षी रक्ततपासणी करायची, हा प्रस्ताव मीच मोठ्या तोंडाने मांडला होता. आता साहेब म्हणतात, 'किती वाचतील ते एका आकड्यात सांगा.' एक्सेल उघडून बसलोय. 'तपासणीचा खर्च' हा रकाना भरला, शेजारचा 'वाचलेला खर्च' तीन दिवस रिकामाच आहे. उपचारापेक्षा प्रतिबंध स्वस्त हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, मग त्याचा आकडा कसा मिळत नाही? तयार सूत्र असेल तर द्या. लेक्चर नको.

उणेअधिक
माणसं किती? वयं काय? तपासणीत नेमकं काय काय आहे? आणि आजारपणाचा खर्च कोण उचलतं? कंपनी, विमा की ज्याचा तो?

पहाटफेरी
तपासण्या हव्यात कशाला? मी अकरा वर्षं रोज पहाटे पाऊण तास चालतोय, एक गोळी नाही. खर्च शून्य. हेच लिहा नोटेत.

फाईलबंद
काका, चालण्याचं विचारलेलं नाही हो.
@उणेअधिक, 240 जण, सगळ्या वयांचे. पॅकेज साधंच, रक्ताच्या वीसेक चाचण्या. सूत्र आहे का?

उणेअधिक
खर्च कोण उचलतं ते राहिलं.
तोवर एक सांगतो. शाळेतल्या पोराला ठाऊक आहे ते बरंचसं चूक आहे. 2008 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 599 अभ्यासांचा आढावा आला होता. निव्वळ पैसे वाचवणारे प्रतिबंधक उपाय 20 टक्क्यांहूनही कमी निघाले. गंमत म्हणजे उपचारांचं प्रमाणही जवळपास तेवढंच.

जुनी_नाडी
डॉक्टर आहे म्हणून राहवत नाही. अहो, लशींचं काय? देवीच्या निर्मूलनाची जोरदार मोहीम 1967 ला सुरू झाली, 1980 मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. सगळा खर्च साधारण 30 कोटी डॉलर. त्यानंतर कुठल्याच देशाला ती लस सरसकट टोचावी लागली नाही. याला पैसे वाचणं नाही तर काय म्हणायचं?

उणेअधिक
म्हणायचंच! मी 'एकही नाही' कुठे म्हटलं? पण हे महाशय लस टोचत नाहीयेत, 240 जणांचं रक्त काढतायत. दोन्हीला आपण 'प्रतिबंध' म्हणतो, सगळा घोळ तिथेच आहे.

जुनी_नाडी
एवढं मात्र कबूल. उलट भर घालतो. लॅबच्या कागदावर 'सामान्य मर्यादा' छापतात ना, ती बहुधा अशी आखतात की 100 धडधाकट माणसांतली 95 आत बसतील. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता प्रत्येक चाचणीत 5 टक्के. वीस चाचण्या करा (एकीचा दुसरीशी संबंध नाही असं धरून), किमान एक तरी आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता 64 टक्क्यांवर जाते. तुमच्या 240 पैकी दीडशेच्या वर माणसं तो कागद घेऊन माझ्यासारख्याकडे येणार. मग पुन्हा चाचणी, सोनोग्राफी, आठवडाभर झोप नाही. हा रकाना आहे का तुमच्या एक्सेलमध्ये?

सुईची_भीती
मधेच विचारते, उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर पाणी प्यायलेलं चालतं का?

फाईलबंद
नाही, तो रकाना नाही. पण मी वाचलंय की कंपन्यांनी आरोग्यावर खर्च केला की तिपटीने परत मिळतो. ते खोटं का?

उणेअधिक
खोटं नाही, मोजण्याची रीत फसवी. आपणहून भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली की असे आकडे येतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे 5,000 कर्मचाऱ्यांची अक्षरशः सोडत काढून विभागणी केली, काहींना आरोग्य कार्यक्रम दिला, काहींना नाही. 2019 मध्ये निष्कर्ष आले. वैद्यकीय खर्चात म्हणण्यासारखा फरक नाही. आणि हौसेने भाग घेणारे आधीपासूनच कमी खर्चाचे होते! म्हणजे कार्यक्रमाने माणसं निरोगी केली नाहीत, निरोगी माणसं कार्यक्रमाला आली.

पहाटफेरी
म्हणजे माझ्यासारखी. मी तेच सांगतोय.

जुनी_नाडी
पण पैसे वाचत नाहीत म्हणून तपासूच नये, हा निष्कर्ष मला मान्य नाही. हाडाला प्लास्टर घालताना 'यातून किती वाचतील' असं कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये धड तब्येतीचं एक जादा वर्ष मिळत असेल, तर त्यासाठी 20 ते 30 हजार पौंड मोजणं बरीच वर्षं रास्त धरत आले. प्रतिबंधानेच तेवढं फुकटात पडावं, ही अट का?

उणेअधिक
साहेबांनी 'किती वाचतील' असंच विचारलंय, डॉक्टर. प्रश्न चुकीचा आहे हे त्यांना सांगणार कोण?
@फाईलबंद, तिसऱ्यांदा विचारतो, खर्च कोणाचा?

फाईलबंद
विम्याचा. हप्ता कंपनी भरते. तसंही निम्मी पोरं दोन-तीन वर्षांत नोकरी सोडतात, त्यामुळे हप्त्याचं दर वर्षी नव्याने ठरतं. काय फरक पडतो?

उणेअधिक
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! आज वाढलेली साखर सापडली, तर टळलेल्या डायलिसिसचे पैसे दहा-पंधरा वर्षांनी वाचणार. तोवर तो पोरगा तिसऱ्या कंपनीत. खर्च तुमचा, बचत भलत्याचीच.

जुनी_नाडी
मी असतो तर सरसकट पॅकेज काढून टाकलं असतं. चाळिशीच्या पुढच्यांचा रक्तदाब आणि साखर, तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना औषध आणि समुपदेशन. एवढंच. रक्तदाब मोजायला सुई लागत नाही आणि वाढलेला असेल तर गोळ्याही स्वस्त. फक्त दंडाच्या मापाचा पट्टा घ्या, लहान पट्टा जाड दंडाला बांधला की आकडा वाढीव येतो.

पहाटफेरी
मनगटावरचं घड्याळ दाखवतं की रक्तदाब.

जुनी_नाडी
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा.

फाईलबंद
'वाचलेला खर्च' रकाना उडवला. जागी 'किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला' असा टाकलाय. वीस चाचण्यांच्या दोन केल्या, पहिला रकाना बराच खाली आला. साहेब एक आकडा मागतायत, तर हाच देतो. चाळिशीच्या पुढचे किती ते मात्र मोजायला हवं, यादीत जन्मतारखाच नाहीत.

सुईची_भीती
पाण्याचं सांगा ना कुणीतरी, उद्या सातला जायचंय.

जुनी_नाडी
साधं पाणी चालतं. प्याच, शीर लवकर सापडते.