डिअर कॅम्प आणि तीस-तीसची रायफल: हळहळ खरी की गोंजारलेली?

लाकूडतोड्या
(धागाकर्ता)

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेला पॉटर, क्लिंटन, कॅमेरॉन या काउंट्या आहेत. माणूसवस्ती विरळ, बाकी सगळं जंगल. तिथल्या सरकारी रानात हरणांच्या शिकारीसाठी बांधलेल्या हजारो छोट्या केबिनी आहेत. जमीन राज्याची, भाडेपट्ट्यावर घेतलेली. झोपडी तेवढी आपली. १९७० नंतर नवे पट्टे देणं बंद झालं, त्यामुळे आहेत ते बापाकडून मुलाकडे जातात. इथली माणसं त्यांना नुसतं 'कॅम्प' म्हणतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरचा असाच एक कॅम्प आहे, पणजोबांच्या विंचेस्टर रायफलीसकट; तिथे मी जाऊन आलोय. लाकडाची शेगडी, बाहेर संडास, भिंतीवर जुनी शिंगं, आणि एक वही. कोण आलं, किती बर्फ होतं, कोणी काय मारलं, कोणाचा नेम चुकला, सगळं त्या वहीत. 'पहिल्या सकाळी तीस-चाळीस हरणं दिसली' अशाही जुन्या नोंदी. नेम चुकला की त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापून भिंतीवर ठोकायची, ही रीत तर सगळ्याच कॅम्पांवर.

१९६३ पासून रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (हा सण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी) सोमवारी उघडायचा. त्या दिवशी ग्रामीण भागातल्या शाळांना सुट्टी असायची. शनिवारी कॅम्पवर पोचायचं, रविवारी लाकडं फोडायची, रायफल तपासायची, रात्री पत्ते. २०१९ मध्ये गेम कमिशनने, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या खात्याने, हंगाम शनिवारवर आणला, आणि तो मधला रविवार गेला.

आता रायफलीविषयी. तीस-तीस (.30-30) हे काडतुसाचं नाव, ते झाडणारी ती तीस-तीसची रायफल. विंचेस्टर १८९४, मार्लिन ३३६, सॅव्हेज ९९ ही लिव्हरवाली (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायचं) त्रिमूर्ती. पहिल्या दोघींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) टेकली आणि धक्का बसला तर स्फोट व्हायचा, म्हणून तीस-तीसच्या गोळीचं नाक चपटं. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते. दीडशे यार्डांच्या पुढे जपून. म्हणजे हरणाजवळ जावं लागायचं. वारा, पायवाटा, हरणाची बसायची जागा हे ठाऊक असावं लागायचं, नाहीतर दहा जणांनी रांग धरून हाका घालायचा. हाका एकट्याने होत नाही, म्हणून कॅम्प टिकला. आज तीनशे यार्डांवर नेम धरणारी दुर्बीण आहे, हरणाचा फोटो थेट फोनवर पाठवणारा झाडावरचा कॅमेरा आहे, आणि प्रत्येक जण आपापल्या मचाणावर एकटा.

माझं म्हणणं एवढंच की या जुन्या गोष्टींबद्दलची हळहळ खरी आहे. हत्याराची मर्यादा होती म्हणून माणसं एकत्र होती. शिकार मुळातच वाईट, हा मुद्दा कृपया दुसऱ्या धाग्यावर मांडावा.

निखारा
असहमत

लेख छान, निष्कर्ष पोकळ. तीस-तीसचं काडतूस बाजारात आलं १८९५ मध्ये. बिनधुराची दारू वापरणारं ते अमेरिकेतलं पहिलं लहान व्यासाचं शिकारी काडतूस. म्हणजे त्या काळातली सगळ्यात नवी चीज. तुमच्या सहकाऱ्याच्या पणजोबांनी ती 'मर्यादा' म्हणून घेतली नव्हती. मिळेल त्यात सरस म्हणून घेतली. त्यांच्या हातात आजची रायफल आणि दुर्बीण दिली असती तर एका मिनिटात विंचेस्टर कोपऱ्यात गेली असती.

दुसरं. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. म्हणून १९५२ मध्ये रेमिंग्टन ७६० ही पंपवाली (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस चढवायची) आली तेव्हा निम्म्या कॅम्पांनी ती उचलली. इतक्या भराभर गोळ्या झाडायचे की तिला 'आमिशांची मशीनगन' असं टोपणनाव पडलं (आमिश म्हणजे तिथला जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ). ही तुमची मर्यादा! त्या रायफलीची हळहळ कोणी का करत नाही? कारण ती काउबॉय सिनेमात नव्हती.

तिसरं, धंदा. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला पत्र्याचे सुटे भाग घातले, म्हणून आता 'चौसष्टच्या आधीची' म्हटलं की भाव चढतो. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला आणि आजची विंचेस्टर १८९४ जपानमध्ये मिरोकू ही कंपनी बनवते. मार्लिन रेमिंग्टनकडे गेली, तिथे दर्जा घसरला. रेमिंग्टनचं दिवाळं निघाल्यावर २०२० मध्ये रुगरने ती विकत घेतली. आता तीच मार्लिन काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्यातही मिळते. आठवण विकली जाते आहे, विकणाऱ्यांना ठाऊक आहे.

लाकूडतोड्या
@निखारा

७६० चा मुद्दा रास्त, पण तुम्ही मला हवं तेच सांगताय. त्या पंपवाल्यानेही लोक हाक्यातच हरणं मारायचे, घनदाट झाडीत, जवळून. बदल रायफलीच्या यंत्राने झाला असं मी म्हणत नाही. बदल लांबून मारता येऊ लागल्याने झाला. आणि विकत घेणारा फसतो म्हणून त्याची आठवण खोटी ठरते, हे कोणतं तर्कशास्त्र? पैठणीचीही नक्कल विकली जाते.

वैदेही_मिशिगन
शनिवारच्या बाजूने

मी शिकार करते, म्हणून बोलते. इस्पितळात काम करते. सोमवारची रजा मागून बघा, ती पण थँक्सगिव्हिंगला लागून. तुमचा तो पवित्र सोमवार कारखान्यातल्या आणि खाणीतल्या पुरुषांच्या रजेवर बेतलेला होता. शनिवार केला तो शाळकरी मुलांना आणि आमच्यासारख्यांना यावं म्हणून. आमच्या मिशिगनमध्ये तर तारीख ठरलेली, १५ नोव्हेंबर, मग वार कोणताही येवो. तेही अनेकांना गैरसोयीचंच आहे, पण निदान कोणी त्याला संस्कृती म्हणून गळा काढत नाही. (बरं, काढतात. पण कमी.)

२०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शिकाऱ्यांमध्ये बायका दहातली एक होत्या. ज्या कॅम्पांच्या आठवणी तुम्ही सांगता त्यात तर तेवढ्याही नव्हत्या. आठवडाभर घर, पोरं आणि गोठा कोण बघत होतं, ते वहीत लिहिलेलं नाही.

अवांतर, इथल्या मराठी मंडळींसाठी: एच-वन-बी सारख्या व्हिसावर सहसा बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवाना हा कायद्यातला एक अपवाद आहे. पण आधी सुरक्षेचं शिक्षण, मग परवाना, आणि वकिलाला विचारून. 'मित्राने दिली होती' हे उत्तर चालत नाही.

देवराई
तुमची हळहळ आजारी जंगलाची आहे

माझा विषय वनशास्त्र आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

१९०० च्या सुमारास बाजारात मांस आणि कातडी विकणाऱ्यांनी पूर्व अमेरिकेतली हरणं जवळजवळ संपवली होती. पेनसिल्व्हेनियाचं गेम कमिशन १८९५ चं, योगायोगाने तीस-तीसच्या वयाचं. १९०६ पासून त्यांनी मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून सोडली, १९०७ मध्ये फक्त नर मारायचा नियम केला. त्याच वेळी टेकड्यांवरचं हेमलॉक आणि पाइन सगळं तोडून झालं होतं. उघड्या रानात कोवळे कोंब फुटले, हरणांना मेजवानी मिळाली, आणि दोन पिढ्यांत संख्या हाताबाहेर गेली. तुमच्या वहीतली 'पहिल्या सकाळी तीस-चाळीस हरणं दिसली' अशी नोंद त्या फुगवट्याची आहे.

मादी मारणं पाप, ही समजूत त्या १९०७ च्या नियमातून आली आणि कॅम्पांनी धर्मासारखी पाळली. परिणाम असा की जंगलात मोठी झाडं उभी, खाली नेच्याशिवाय काही नाही. ओकची रोपं गुडघ्यापर्यंत येईनात. ट्रिलियमची फुलं कुंपण घातलेल्या तुकड्यातच उरली. २००२ मध्ये राज्याने धोरण बदललं: नराच्या शिंगाला एका बाजूला किमान तीन, काही भागांत चार फाटे हवेत, आणि माद्या जास्त मारा. हे समजावून सांगणारे कमिशनचे जीवशास्त्रज्ञ गॅरी ऑल्ट यांच्यावर सभांमधून काय आग पाखडली गेली! पाखडणारे बहुतेक तुमच्या याच कॅम्पांतले होते.

म्हणून विचारतो, 'पूर्वी हरणं खूप होती' ही आठवण जंगलाच्या बाजूने आहे की विरुद्ध?

लाकूडतोड्या
@देवराई

विरुद्ध आहे, त्यात वाद नाही. माझा सहकारी आजही माद्यांच्या परवान्यांवर कुरकुरतो आणि मी त्याच्याशी भांडतो. पण एक गोष्ट तुम्ही गाळली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुकांवरच्या आणि काडतुसांवरच्या कराचा (आज ११ टक्के) पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. तुमचं संशोधन, ती कुंपणं, राज्यांची खाती, त्यात मार्लिन आणि विंचेस्टर विकत घेणाऱ्यांचे पैसे आहेत. शिव्या देणाऱ्यांनीच खर्च उचलला.

देवराई
@लाकूडतोड्या

उचलला, मान्य. कर भरला म्हणून जीवशास्त्र त्यांच्या मताने चालावं, हे अमान्य. शिवाय हा पैसा आता बऱ्याच अंशी लक्ष्यभेदाच्या मैदानावर जाणाऱ्यांकडून येतो, रानात जाणाऱ्यांकडून नाही.

आबा_चंद्रपूर
इकडून एक शंका

तुमच्या अमेरिकेतलं मला काही कळत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. आमच्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार संपली. त्याआधीचे शिकारीचे तळ कोणाचे होते? राजांचे. दाजीपूरचं जंगल कोल्हापूर दरबारचं राखीव, पुढे १९५८ मध्ये अभयारण्य झालं. आणि फासे लावून पोट भरणारा पारधी? तो १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या जोरावर जन्मतःच गुन्हेगार. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावर पुसला. हरीण एकच, मारणारा कोण त्यावर तो शिकारी की चोर हे ठरलं.

त्या हिशेबाने पोलाद कारखान्यातला मजूर थोडे डॉलर भरून परवाना काढतो आणि राजासारखा आठवडाभर रानात राहतो, हे मला मोठं वाटलं. ती बंदूक काय नि कुठली ते राहू द्या. गरिबाला रानात जायचा कागद मिळाला, तेवढ्यासाठी मी लाकूडतोड्यांच्या बाजूने.

निखारा
@आबा

आबा, मुद्दा मोलाचा, पण तो कागद सगळ्यांना सारखा लागू नव्हता. ज्यांचं ते रान होतं त्या सेनेका या मूळनिवासी लोकांना आधीच हाकललेलं. आणि विस्कॉन्सिनमधलं प्रकरण वाचा. नोव्हेंबर २००४, एक ह्मॉंग (आग्नेय आशियातून आलेल्या समाजातला) शिकारी दुसऱ्याच्या खासगी जमिनीवरच्या मचाणावर सापडला. जमिनीशी संबंधित शिकाऱ्यांच्या टोळीशी बाचाबाची झाली, त्याने आठ जणांवर गोळ्या झाडल्या, सहा मेले. आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या आणि आधी गोळी त्यांनी झाडली, असं तो कोर्टात म्हणाला; ज्युरीला पटलं नाही, जन्मठेप झाली. जानेवारी २००७ मध्ये त्याच राज्यात एका ह्मॉंग शिकाऱ्याला गोऱ्या शिकाऱ्याने मारलं. आपल्यातल्या कोणी एकट्याने नोव्हेंबरात तिकडच्या रानात फिरून बघावं, मग 'माणसं एकत्र होती' लिहावं.

लाकूडतोड्या
@निखारा

मी फिरलोय. सहकारी बरोबर होता म्हणून कोणी काही बोललं नाही, हेही खरं. पण सहा खुनांचं ओझं शेगडी आणि पत्त्यांवर टाकणं मला पटत नाही. तो वाद खासगी जमिनीच्या हद्दीचा होता. मी सांगतोय ते कॅम्प सरकारी जंगलात आहेत, तिथे हद्दीची पाटी नसते.

गिरणगावकर
रायफल आणि सोमवार दोन्ही सोडा

सगळे कडेकडेने चाललेत. कॅम्प रिकामे झाले ते दुर्बिणीने नाही, शनिवारने तर नाहीच. पेनसिल्व्हेनियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १३ लाख परवाने निघायचे, २०१९ च्या कितीतरी आधीपासून ते घसरत आले. त्याच दशकात पिट्सबर्गभोवतीच्या पोलाद गिरण्या बसल्या. होमस्टेड १९८६ मध्ये बंद झाली. युनियनची भरपगारी रजा, शेजारच्या भट्टीवरचा मित्र, एकाच पाळीतले दहा जण, हा कॅम्पचा पाया होता. पाळी गेली, दहा जण दहा राज्यांत गेले. आमच्या चाळीतला चाकरमानी गणपतीला गावी जायचा तोही गिरणीच्या रजेवर. ८२ च्या संपानंतर किती घरं उघडायची बंद झाली ते मी पाहिलंय. तेव्हा कोणी 'एस्टीच्या लाल डब्याची मजा गेली' म्हणून रडलं असतं तर मी हसलो असतो.

वैदेही_मिशिगन
+१ गिरणगावकर, आणि एक भर

हे पटलं. त्यावर नव्या काळाची अडचण अशी की हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग पसरलाय. विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला, पेनसिल्व्हेनियात २०१२, आमच्याकडे मोकळ्या हरणात २०१५. रोग असलेल्या भागातून डोकं आणि कणा बाहेर न्यायला बंदी, तपासणीला हरणाच्या गळ्यातल्या लसिका गाठी द्यायच्या, निकाल येईपर्यंत मांस शीतपेटीत. कॅम्पवरून अख्खं हरीण गाडीला बांधून गावात मिरवत आणण्याचे दिवस त्याने संपवले. यात दोष कोणाच्या दुर्बिणीचा?

बाकी @लाकूडतोड्या, तुम्ही तीनदा उत्तर दिलंत, माझ्या प्रतिसादाला एकदाही नाही. सहकाऱ्याच्या कॅम्पवर बायकांना राहू देतात का?

लाकूडतोड्या
@वैदेही

लेखी नियम काही नाही. त्याची मुलगी यंदा परवाना काढतेय, शनिवार असल्यामुळे तिला कॉलेजातून येता येईल, हे तुमच्या बाजूचं आहे म्हणून लिहायचं टाळत होतो. तिने आजोबांची ३३६ नको म्हटलंय. दुर्बिणीवाली हवी आहे. त्यावरून तिकडे घरात जे चाललंय ते या धाग्यापेक्षा कडाक्याचं आहे.

@गिरणगावकर, वहीत १९८३ नंतर नावं निम्मी होतात. पानांचे फोटो टाकायला परवानगी मागतो, मिळाली तर इथेच डकवतो.