१९९३ सालचे दोन टबांचे वॉशिंग मशीन रोजच्या वापरासाठी घ्यावे का?

प्रश्न : यावल तालुक्यातून, केळी-उत्पादक

भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ घर बदलत आहेत आणि त्यांच्याकडचे अर्धस्वयंचलित, दोन टबांचे मशीन अठराशे रुपयांना देण्यास तयार आहेत. खरेदीची पावती त्यांनी जपून ठेवली आहे. तिच्यावर १९९३ साल आहे. मशीनचे अंग पत्र्याचे असून मागच्या बाजूस खालच्या कडेला दोन बोटे रुंदीचा गंज चढला आहे. धुण्याच्या बाजूची मोटर दोन्ही दिशांना व्यवस्थित फिरते. ड्रायर मात्र चावी फिरवल्यावर नुसता घुमतो आणि जागचा हलत नाही. गेली चार वर्षे मशीन गॅलरीत झाकून ठेवलेले होते.

आमच्या घरात सात माणसे आहेत. नळाला चार दिवसांआड पाणी येते, बाकीचे दिवस बोअरवर निघतात. पूर्ण स्वयंचलित मशीन आम्ही दुकानात पाहून आलो, परंतु त्याला लागणारा नळाचा दाब आमच्याकडे नाही, आणि दर खेपेला नवे पाणी भरून जुने सोडून देणारे यंत्र मे महिन्यात परवडणारही नाही. बादलीने पाणी ओतावे, त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी शेतातले कपडे काढावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे. घरातून आक्षेप असा आहे की जुने घेतले तर दर महिन्याला मिस्त्रीच्या दारात उभे राहावे लागेल. घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे आणि बोअरच्या पाण्यात हे मशीन टिकेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : जळगावहून, मोटर वायंडिंगचा व्यवसाय

दादा, आपण वर्णन केलेले लक्षण घाबरण्यासारखे नाही. ड्रायर घुमतो पण फिरत नाही, याचा अर्थ मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे. अशा वेळी बहुधा कपॅसिटर, ज्याला आपल्याकडे सगळे कंडेन्सरच म्हणतात, तो निकामी झालेला असतो. नाहीतर ब्रेक अडकलेला असतो किंवा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो तो भाग, सुकून जाम झालेला असतो. प्लग काढून ठेवावा, झाकण बंद करावे म्हणजे ब्रेक सुटतो, आणि मागचे पत्र्याचे झाकण उघडून मोटरवरची चकती हाताने फिरवून पाहावी. ती मोकळी फिरली तर दोष कंडेन्सरचा असण्याची शक्यता जास्त. नवा घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा आणि व्होल्टचा आकडा कमी होऊ देऊ नये. जुना काढण्यापूर्वी त्याची दोन टोके बल्बच्या होल्डरमधून जोडून रिकामा करावा; प्लग काढला म्हणजे कंडेन्सर निवांत झाला, असे समजू नये.

खरी परीक्षा धुण्याच्या मोटरची आहे, ती फिरत असली तरीही. ही मोटर थोडा वेळ उजवीकडे आणि थोडा वेळ डावीकडे फिरायची असल्यामुळे तिची दोन्ही वायंडिंग, म्हणजे आतील तारेची वेटोळी, सारखीच असतात. तिच्या तीन तारांपैकी सामाईक तार धरून उरलेल्या दोघींचा रोध मल्टिमीटरने मोजावा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एक बावीस ओहम आणि दुसरा चौदा असा फरक दिसला तर एक वायंडिंग आतून जळलेले आहे किंवा कोणीतरी घाईत भरून दिलेले आहे, आणि असे मशीन मी फुकट मिळाले तरी घेणार नाही. ड्रायरची मोटर एकाच दिशेने फिरत असल्याने तिचे दोन आकडे वेगळे आले तर बिचकू नये.

त्यानंतर ड्रायरच्या टबाखाली हात घालून रबरी बेलो, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणारी घडीदार नळी, चाचपावा. तो कडक झाला किंवा चिरला की पिळलेले पाणी थेंबाथेंबाने खालच्या मोटरवर उतरते. माझ्याकडे जळून आलेल्या ड्रायरच्या मोटरींपैकी बहुतेकींचा घात या रबरानेच केलेला असतो, आणि गिऱ्हाईक मात्र कंपनीला बोल लावत असते.

सुट्या भागांची चिंता करू नये. व्हिडिओकॉन ही आपल्याकडे घरोघरी असलेली कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तरी तिची जुनी मशीन आजही दुरुस्त होतात. कारण टायमर, बेल्ट, कंडेन्सर, बेलो हे भाग मापावर मिळतात, नावावर नव्हे. जुना भाग खिशात घालून दुकानात जावे.

उत्तर २ : धुळ्याहून, गृहिणी

माझ्याकडचे मशीन आपल्याला मिळणार आहे त्याच काळातले असून आजही रोज चालते, म्हणून पाण्याविषयी लिहिते.

बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी एकत्र येऊन न विरघळणारा चोथा तयार करतात. पांढरे कपडे करडे पडतात ते त्यामुळे. हाच चोथा पल्सेटरच्या, म्हणजे टबाच्या तळाशी फिरणाऱ्या चकतीच्या, खाली, जिथे हात पोहोचत नाही तिथे, खरवडीसारखा साचत जातो. माझे मशीन एकदा भर उन्हाळ्यात बंद पडले. एका मिस्त्रीने मोटर गेली असे सांगून नव्या मोटरीचे पैसे मागितले. माझ्या भावाने पल्सेटरच्या मधला स्क्रू सोडवून ती चकती वर उचलली, तर खाली पांढरट थराचे एक कडेच निघाले, आणि त्यात बाळाचा एक पायमोजा व ब्लाउजचे दोन हूक घट्ट बसलेले होते. मोटर आजही तीच आहे.

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी धुण्याचा टब कोमट पाण्याने भरून त्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व टाकते, दहा मिनिटे फिरवते, तासभर तसेच राहू देते आणि मग सोडून देते. फरशीचे ॲसिड कृपा करून वापरू नये. त्याने क्षार जातात तसा पत्राही जातो. बोअरचे पाणी असेल त्या दिवशी वडीचा साबण टबात न टाकता पावडर वापरावी आणि पावडरच्या आधी मूठभर धुण्याचा सोडा विरघळवावा. नळाचे पाणी येईल त्या दिवशी पांढरे कपडे उरकून घ्यावेत.

दोन गोष्टींची अपेक्षा मात्र ठेवू नये. एक म्हणजे गोधडी. ती भिजली की ड्रायर एका अंगाला कलतो आणि मशीन अंगणभर चालू लागते, तिला धोपटणेच बरे. दुसरी गोष्ट आपण जाणताच. केळीच्या चिकाचा डाग हवेने एकदा काळा पडला की नव्या मशीनमध्येही निघत नाही, तेव्हा त्याचा दोष जुन्याला देऊ नये.

उत्तर ३ : चाळीसगावहून, विद्युत पर्यवेक्षक

वरील दोन्ही उत्तरांत मशीन टिकेल की नाही याची चर्चा आहे. वापरणारा सुरक्षित राहील का, हा प्रश्न राहून गेला आहे. पत्र्याचे अंग, ओली फरशी, अनवाणी पाय आणि तीस वर्षांची वायर हे चौघे एकत्र आले तर मी तरी घेऊ नका असेच म्हणेन. तरीही घ्यायचेच असेल तर पुढील गोष्टींत तडजोड करू नये.

वायंडिंग आणि मशीनचे अंग यांच्यामधील इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याच्या मीटरने, तपासून घ्यावे. आकडा एक मेगाओहमच्या खाली आला तर मोटर नीट वाळवून पुन्हा मोजावी आणि तरीही वर गेला नाही तर ती मोटर वापरू नये. चार वर्षे गॅलरीत पावसाची ओल खाल्लेल्या मशीनला ही चाचणी टाळता येणार नाही. जुनी वायर पूर्ण बदलून तीन पिनांचा प्लग लावावा आणि अर्थिंगची हिरवी तार गंज खरवडलेल्या, चकचकीत पत्र्यावर आवळावी. रंगावर आवळलेली तार केवळ शोभेची असते. न्हाणीघराच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे.

आपल्या भागासाठी आणखी एक मुद्दा. चैत्र-वैशाखात काळी माती सुकून भेगा पडतात तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यातील माती वीज नेईनाशी होते, म्हणून त्या दोन महिन्यांत खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावे. तसेच शेतीपंप चालू असताना व्होल्टेज पडलेले असेल तर मशीन लावू नये. या मोटरींचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जोर सुमारे साठ टक्क्यांवर येतो, मोटर ओढत राहते आणि तापते.

प्रश्नकर्ते पुन्हा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मल्टिमीटर घेऊनच भुसावळला गेलो. धुण्याच्या मोटरचे दोन्ही आकडे बावीसच्या आसपास आले. गंज दाखवून चौदाशे रुपयांत व्यवहार ठरला. मेगरची चाचणी फैजपूरच्या एका वायंडिंगवाल्याकडे करून घेतली. आकडा पाचच्या वर आहे. कंडेन्सर, बेलो, वायर आणि सांडपाण्याची नळी मिळून सातशे चाळीस रुपये लागले. गंज तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले आहेत आणि उंदरांसाठी खालून बारीक जाळी ठोकली आहे. आरसीसीबी येत्या रविवारी बसेल, तोपर्यंत मशीन लावू नये असे घरातूनच बजावण्यात आले आहे.

एकच शंका उरली आहे. ड्रायर उत्तम फिरतो, परंतु झाकण उघडल्यावर थांबायला जवळजवळ अर्धे मिनिट घेतो. हे चालेल का?

उत्तर १ पुन्हा

चालणार नाही. झाकण उघडताच काही सेकंदांत टब थांबला पाहिजे. फिरत्या टबात हात घालून बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. प्लग काढून झाकणापासून ब्रेककडे जाणारी तार पाहावी. झाकण उघडे असताना ती सैल हवी. ताठ असेल तर ब्रेक पुरता बसतच नाही, म्हणून तिला थोडी ढील द्यावी. तरीही वेळ लागला तर ब्रेकचा पॅड गुळगुळीत झाला असेल. तो वीस-तीस रुपयांना मिळतो. पॅडवर तेलाचा थेंबही पडू देऊ नये. हे काम रविवारच्या आधीच उरकून घ्यावे.